शाकारणी : पाण्यासाठी आणि वाऱ्यासाठी

शाकारणी हा शब्द आता नातवंडांना समजावून सांगावा लागतो. माझ्या लहानपणी, म्हणजे जिल्ह्याचे नाव कुलाबा होते तेव्हा, पेण-रोह्याकडे मे महिना उजाडला की घरोघर शाकारणीच्या गड्यांची वाट पाहिली जाई. मृग साधारण ७ जूनला लागतो, त्याच्या आत घर शाकारून झालेच पाहिजे. गडी आढ्यापर्यंत चढत, कौले काढून झाडत, फुटकी बाजूला टाकत. वासा वाळवीने पोखरला असेल, रीप कुजली असेल, तर ती तेव्हाच दिसे. खाली घरभर धूळ आणि वर आजोबांच्या सूचना! वर्षातून एकदा घराची अशी तपासणी होई.

छपरांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. आधी गवत, पेंढा आणि माडाच्या झावळ्या. मग गावच्या कुंभाराने चाकावर घडवलेली नळीची कौले. ती नुसती एकमेकांवर ठेवलेली असत. मांजर धावले, माकडाने उडी मारली की सरकलीच, म्हणून दरवर्षी परतावी लागत. १८६५ साली बासेल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला. या कौलांना खाचा असल्याने ती एकमेकांत अडकून बसत. माल गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरे. पेणचे बंदर अंतोरे, तर रोह्याची वाट कुंडलिकेच्या खाडीतून. मंगलोरी कौले आली आणि शाकारणीचा व्याप कमी झाला, पण ती थांबली नाही.

थांबली ती पत्रे आल्यावर. सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा एकदा ठोकला की वर चढायचे कारणच उरले नाही. गडीही मिळेनासे झाले. माझ्या मते आपण कौलांबरोबर वर्षाकाठी छपराकडे पाहण्याची सवयही उतरवून ठेवली.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. मृगाला चार दिवस राहिलेले, त्यात टाळेबंदी. पत्रे कागदासारखे उडाले, कौलांचा खच पडला, माड आणि आंबे घरांवर कोसळले. पाऊस तोंडावर आणि डोक्यावर ताडपत्री, अशी गत झाली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. चांगली शाकारलेली घरेही त्या दिवशी वाचली नाहीत. याचे कारण सोपे आहे. आपली शाकारणी पाण्यासाठी होती. आपल्या किनाऱ्यावर चक्रीवादळ क्वचित यायचे. वडील मंडळी नोव्हेंबर १९४८ च्या वादळाच्या गोष्टी सांगत, त्यानंतर नोव्हेंबर २००९ मध्ये फयान येऊन गेले. पाऊस छपरावर वरून पडतो, वारा मात्र छपराला वर उचलतो. मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचे, आणि ते बहुधा स्वतःच्या वजनावरच बसलेले असते. पत्रा हुकांवर अवलंबून, आणि खाऱ्या हवेत हुक गंजतो. वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडली की वारा आत शिरून छपराला आतूनही रेटतो.

म्हणून शाकारणी पुन्हा सुरू करावी, पण वाऱ्याचा विचार करून. मे महिन्यात जाणत्या माणसाला वर चढवून पत्र्याचे हुक आणि वायसर तपासून घ्यावेत, गंजलेले बदलावेत. वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या ओळी आधी पाहाव्यात, वारा तिथेच बोट घालतो. कडेची कौले तारेने किंवा खिळ्याने रिपेला बांधावीत. वासे भिंतीशी आणि तुळईशी पक्के जखडलेले आहेत ना, ते पाहावे. घरावर झुकलेली फांदी उतरवावी. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, तो दगा देतो. आडवी फळी टाकूनच जावे.

हे मी मुख्यतः मुंबई-पुण्याच्या आणि परदेशातल्या आप्तांसाठी लिहितो आहे. आपली गावची घरे गणपतीला उघडतात, तोवर अर्धा पावसाळा सरलेला असतो. गळती लागलेली असली तर वासा तोवर भिजून फुगलेला असतो. आमरस खायला मे महिन्यात येताच ना? तेव्हा एक दिवस जास्त राहा आणि गडी बोलावून छप्पर पाहून घ्या. शिडी आमच्या पडवीत आहे.