कोडची लांब ओळ कशी तोडायची? पायथॉन, कॉटलिन आणि सातपूरचं सीएनसी

मोबाईलवर कोडिंग शिकणाऱ्यांना पहिला त्रास होतो तो स्क्रीनच्या रुंदीचा. एक हिशोब लिहायला घेतला की ओळ उजवीकडे पळत सुटते. मग आपण सरळ मध्येच एंटर मारतो. कधी एरर येते, कधी येत नाही. खरी भीती ‘येत नाही’ या दुसऱ्या प्रकाराची आहे.

त्याआधी एक गोष्ट. पायड्रॉइड ३ सारख्या ॲपमध्ये लांब ओळ कधीकधी आपोआप खाली वळलेली दिसते. ती तुटलेली नसते, फक्त तशी दाखवलेली असते. डावीकडचे ओळ क्रमांक बघा: नवीन नंबर आला असेल तरच ओळ खरोखर तुटली आहे.

ओळ तोडली की अर्थ का बदलतो?

सातपूर एमआयडीसीत सीएनसी लेथवर काम करणाऱ्या कुणालाही हे विचारा. सीएनसीच्या जी-कोडमध्ये एक ओळ म्हणजे एक ब्लॉक, आणि फानुक कंट्रोलच्या स्क्रीनवर ब्लॉक संपला की अर्धविराम दिसतो. समजा टूल ४० व्यासावर, जॉबच्या तोंडाशी उभा आहे. आता ही ओळ दिली:

जी०१ एक्स५० झेड-२०

एक्स आणि झेड दोन्ही एका ब्लॉकमध्ये आहेत, म्हणून टूल तिरका जातो आणि टेपर कापला जातो. हेच दोन ओळींत लिहिलं तर?

जी०१ एक्स५०
झेड-२०

आता टूल आधी ५० व्यासापर्यंत बाहेर येतो, मग सरळ आत जातो. टेपर गायब, सरळ दांडा तयार. मशीनने अलार्मही दिला नाही, कारण दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर आहेत. जॉब मात्र स्क्रॅप.

पायथॉनमध्ये हाच घोळ

पायथॉनमध्येही साधारण ओळ संपली की वाक्य संपलं. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे खालचं उदाहरण तुम्ही तसंच टाइप करून बघू शकता. वर चार व्हेरिएबलना किंमती देऊन ठेवा. समजा मूळ पगार १२०००, भत्ता २०००, ओव्हरटाइम ३२०० आणि पीएफ १६८०. आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डचेच टाका, देवनागरी आकडे पायथॉन कोडमध्ये घेत नाही.

```
हातात = मूळ_पगार + भत्ता
+ ओव्हरटाइम
- पीएफ
```

उत्तर यायला हवं १५५२०. येतं १४०००. कारण पहिल्या ओळीतच वाक्य पूर्ण झालं. दुसरी ओळ पायथॉनने ‘अधिक ओव्हरटाइम’ अशी स्वतंत्र वाचली, तिची किंमत काढली आणि सोडून दिली. तिसरीचंही तेच. एक शब्दाची एरर नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने ओव्हरटाइमला साध्या दराच्या दुप्पट दर ठरवून दिला; इथे एका एंटरने तो अख्खा गेला, आणि ज्याच्या स्लिपमध्ये गेला त्याला कळणार महिन्याच्या शेवटी.

गंमत म्हणजे त्याच दोन ओळी नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून चार स्पेस आत सरकवल्या असत्या, तर पायथॉनने लगेच इंडेंटेशन एरर दिली असती. म्हणजे एररने वाचवलंच असतं!

उपाय सोपा आहे. सगळं कंसात घ्या:

```
हातात = (
    मूळ_पगार
    + भत्ता
    + ओव्हरटाइम
    - पीएफ
)
```

गोल, चौकोनी किंवा महिरपी, कोणताही कंस उघडा असेपर्यंत पायथॉन वाक्य संपलं असं मानत नाही. आत कितीही एंटर मारा. प्रत्येक ओळीसमोर कॉमेंटही लिहिता येते. चिन्ह ओळीच्या सुरुवातीला ठेवलं की काय मिळवलं आणि काय वजा केलं ते एका नजरेत दिसतं. पायथॉनची लेखनशैली सांगणारा पेप ८ नवीन कोडसाठी हीच पद्धत सुचवतो. (जी-कोडमध्ये मात्र गोल कंस म्हणजे कॉमेंट. दोन्हीकडे हात असणाऱ्यांनी गल्लत करू नका.)

दुसरा मार्ग म्हणजे ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ, बॅकस्लॅश. चालतो, पण आम्ही सुचवत नाही. त्याच्यापुढे चुकून एक स्पेस राहिली तरी सिंटॅक्स एरर येते, आणि मोबाईल कीबोर्ड शब्द सुचवताना अशी स्पेस हमखास टाकतो. डोळ्यांना ती दिसतही नाही.

बाकीच्या भाषा

जावा आणि सी मध्ये वाक्य अर्धविरामाने संपतं, म्हणून ओळ जवळपास कुठेही तोडा. अँड्रॉइड ॲपसाठी कॉटलिन शिकत असाल तर सावध: तिथेही ओळ अधिक चिन्हाने सुरू केली तर पायथॉनसारखाच ओव्हरटाइम गळतो. चिन्ह आधीच्या ओळीच्या शेवटी ठेवा. गो भाषेतही चिन्ह शेवटीच हवं. जावास्क्रिप्ट बहुतेक वेळा सांभाळून घेते, पण ‘रिटर्न’ लिहून एंटर मारला की ती तिथेच अर्धविराम धरते आणि खालची किंमत परत जातच नाही.

ओळ लांब म्हणजे किती?

पेप ८ म्हणतो ७९ अक्षरं. ८० चा आकडा मुळात आयबीएमच्या १९२८ सालच्या पंच कार्डावरच्या ८० रकान्यांपर्यंत मागे जातो. मोबाईल उभा धरला तर एवढीही मावत नाहीत, तेव्हा आडवा धरा किंवा एका ओळीत एकच घटक ठेवा.

यादी तोडताना स्वल्पविराम

```
ट्रेड = [
    "फिटर",
    "टर्नर"
    "मशिनिस्ट",
    "वेल्डर",
]
```

ट्रेड किती? तीन. टर्नरनंतर स्वल्पविराम नाही, आणि शेजारी-शेजारी आलेली दोन अवतरणं पायथॉन चिकटवून टाकतो, त्यामुळे ‘टर्नरमशिनिस्ट’ असा नवाच ट्रेड जन्माला येतो. इथेही एरर नाही. शेवटच्या ‘वेल्डर’नंतरचा स्वल्पविराम मात्र मुद्दाम ठेवलाय, उद्या खाली ‘इलेक्ट्रिशियन’ जोडताना तो विसरायला नको म्हणून.