आकाशातून उतरणाऱ्या ओझ्याची बांधणी

विमानातून सोडलेला माल जमिनीवर शाबूत पोहोचावा म्हणून तो बांधणे, तोलणे, त्याखाली धक्का झेलणारे अस्तर घालणे आणि त्याला बेताचे पॅराशूट जोडणे, हे लष्करात आज एक स्वतंत्र कसब आहे. ते करणाऱ्याला 'रिगर' म्हणतात. वैमानिकाचे नाव इतिहासात येते, उडी घेणाऱ्याचेही येते. गाठ मारणाऱ्याचे सहसा येत नाही.

या कामाची गरज पहिल्यांदा प्रकर्षाने जाणवली ती १९१६ मध्ये, मेसोपोटेमियात. कुत-अल-अमारा येथे तुर्कांनी वेढलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेत सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाच्या गोण्या टाकण्याचा प्रयत्न झाला. बहुतेक गोण्या पॅराशूटविना सोडल्या जात. कित्येक तैग्रिस नदीत बुडाल्या, काही थेट शत्रूच्या हाती लागल्या. जे पोहोचले ते हजारो माणसांना पुरणारे नव्हते आणि २९ एप्रिलला कुत पडले. विमाने थोडी आणि दुबळी होती, हे खरे. पण टाकायचे कसे, याचे शास्त्रही तेव्हा कोणाजवळ नव्हते.

ते शास्त्र घडले दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. डोंगर, जंगल आणि पावसाळा यांपुढे रस्ते हरले, तेव्हा चौदाव्या सैन्याचा पुरवठा मोठ्या प्रमाणावर डाकोटा विमानांवर आला. तांदूळ, पीठ यांसारखा न फुटणारा माल एकात एक घातलेल्या गोण्यांत सैल भरून तसाच खाली सोडत. आपटल्यावर आतली गोणी फाटली तरी बाहेरची टिके. दारूगोळा, औषधे, इंधन यांना मात्र पॅराशूट लागे आणि पॅराशूटचा तुटवडा होता. रेशमी किंवा उत्तम सुती कापडाची पॅराशूट पुरेशी मिळण्याची आशा नव्हती.

या सैन्याचे सेनापती विल्यम स्लिम यांनी यावर काढलेला तोडगा बंगालच्या मातीतला होता. त्यांच्या पुरवठा विभागाचे प्रमुख आल्फ स्नेलिंग यांच्यासह त्यांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना साकडे घातले. कापडही तागाचे, दोऱ्याही तागाच्या. दहा दिवसांत नमुने तयार झाले. नेहमीच्या पॅराशूटला माथ्यावर हवा जाण्यासाठी भोक असते; तागाच्या विणीतूनच हवा झिरपते, म्हणून इथे भोकाची गरज उरली नाही. या 'पॅराजूट'ला माणूस किंवा नाजूक यंत्र लटकवणे धोक्याचे होते, पण शिधा उतरवायला ते पुरेसे होते. खर्च एका पौंडाच्या थोडा वर. प्रचलित पॅराशूटचा वीस पौंडांहून अधिक. या बचतीबद्दल स्लिम यांना वरून मिळाली ती शाबासकी नव्हे. मागणी योग्य मार्गाने केली नाही, म्हणून कानउघाडणी झाली. दप्तरी कारभाराचा हा नमुना कोणत्याही काळात ओळखू येईल.

फेब्रुवारी १९४४ मध्ये अराकानातील सिंझवेया येथे जपान्यांनी वेढलेल्या तुकड्यांना सुमारे २,३०० टन माल हवेतून मिळाला आणि वेढा फसला. त्यासाठीची पुडकी आगाऊ बांधून ठेवलेली होती. बांधणी आधी झालेली असेल तरच विमान वेळेवर उडते, हा धडा इथे पक्का झाला.

अमेरिकेत हे कसब कोरियाच्या युद्धात पुढे आले. डिसेंबर १९५० मध्ये चोसिन जलाशयाकडून माघार घेणाऱ्या फौजेच्या वाटेवरचा फुंचिलिन खिंडीतला पूल चिन्यांनी उडवला होता. लोखंडी पुलाचे टनाहून जड तुकडे हवेतून आणायचे ठरले. लहान पॅराशूट लावून घेतलेली चाचणी फसली आणि तुकडा जमिनीत रुतला. मग जपानहून रिगर आणि मोठी पॅराशूट मागवण्यात आली. रातोरात बांधलेले आठ तुकडे ७ डिसेंबरला सोडले. एक मोडला, एक हातचा गेला. गरज चारांचीच होती. दोन दिवसांनी पूल उभा राहिला. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, रिगरांचे शिक्षण फोर्ट बेनिंगहून व्हर्जिनियातील फोर्ट ली येथे पुरवठा विभागाच्या शाळेत गेले.

तिथे शिकवतात ते साधारण असे. जीप किंवा तोफ सपाट फलाटावर चढवतात. मधल्या पोकळीत मधाच्या पोळ्यासारख्या कागदी पुठ्ठ्याचे ठोकळे ठेवतात. जमिनीवर आदळताना हे ठोकळे चेपतात आणि धक्का गिळतात. मग पट्टे आवळतात, वजनाचा मध्य मोजतात. विमानाच्या मागच्या दारातून आधी छोटे पॅराशूट बाहेर पडते, ते फलाट ओढून घेते आणि मग मोठी पॅराशूट उघडतात. एका पट्ट्याची चुकलेली दिशा सगळे उलटे करू शकते.

या कामात हयगय केल्याची किंमत भारताने १९६२ मध्ये, चीनबरोबरच्या संघर्षात मोजली. नामका चू खोऱ्यात अडकलेल्या सातव्या ब्रिगेडसाठी चांगधर येथे, सुमारे साडेचौदा हजार फुटांवर, माल टाकला जात होता. काटकसरीपायी जुनी पॅराशूट दुरुस्त करून पुन्हा वापरली गेली. त्यांतली बरीच उघडलीच नाहीत. दऱ्यांत गेलेला माल परत आणणे अशक्य होते. ब्रिगेडचे सेनापती जॉन दळवी यांनी पुढे पुस्तकात याची कडवट नोंद केली.

अमेरिकेत आज रिगरच्या पदासाठी अर्जदाराला आधी स्वतः उडी शिकावी लागते. आधुनिक मालाला उपग्रहाच्या दिशादर्शनाने स्वतःची वाट वळवता येते. २००६ पासून अफगाणिस्तानात असे पॅराशूट वापरात आले. हाताची बांधणी मात्र बदललेली नाही. प्रशिक्षणार्थीला आपणच घडी घातलेले पॅराशूट लावून उडी मारावी लागते. पास झालेल्यांची ओळख लाल टोपी. मालाच्या बाबतीत अशी परीक्षा शक्य नसल्याने त्याची तपासणी दोनदा होते, एकदा विमानात चढवण्यापूर्वी आणि एकदा चढवल्यावर. कागदावर लष्कर आणि हवाई दल दोघांच्या सह्या झाल्याखेरीज माल सोडला जात नाही.