देवाचा पाहुणचार

इस्लापूरकडे कुणाच्या घरी सत्यनारायण असला की गुरुजी चौरंगापुढे बसून एकेक शब्द उच्चारत जातात: आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान. यजमान पळीपळीने ताम्हनात पाणी सोडत राहतो. ती पहिली पळी पाय धुण्याची, दुसरी हातांवरची, तिसरी चूळ भरण्याची, एवढं कुणी समजावून सांगितलं तरी सगळी पूजा उलगडते. कारण या शब्दांचं कूळ गाभाऱ्यातलं नाही, उंबरठ्यावरचं आहे.

वैदिक यज्ञात मूर्ती नव्हती. देवांना हाक मारायची, अंथरलेल्या दर्भावर बसा म्हणायचं आणि त्यांचा वाटा अग्नीत टाकायचा. मूर्तीची पूजा पुढे रुळली, आणि तिने आपली रीत पुष्कळशी अतिथीच्या स्वागतातून उचलली. पारस्कर आणि आश्वलायन यांच्या गृह्यसूत्रांत मानाचा पाहुणा कसा घ्यावा ते सांगितलं आहे. आधी बसायला आसन, मग पायांना पाद्य, हातांना अर्घ्य, आचमनाला पाणी, आणि शेवटी दही-मधाचा मधुपर्क. आचार्य, ऋत्विज, राजा, स्नातक अशा मोजक्यांचा हा मान. पारस्करांच्या यादीत लग्नाला आलेला नवरदेवही आहे.

नवरदेवाचा तो मान अजून शाबूत आहे. विधिवत लागणाऱ्या मराठी लग्नात मुलीचे वडील जावयाचे पाय धुतात आणि त्याच्या हातावर मधुपर्क ठेवतात. माणसासाठी आणि देवासाठी तोच शब्द, तोच क्रम. पूजेचा जुना पुरावा हवा असेल तर पोथीपेक्षा मला हा लग्नमंडप जवळचा वाटतो. आपल्या ‘पाहुणचार’ आणि ‘उपचार’ या शब्दांतला ‘चार’सुद्धा एकच आहे.

पूजेतल्या या एकेका सेवेला उपचार म्हणतात; ते सोळा का? पुरुषसूक्ताच्या, म्हणजे ऋग्वेदाच्या 10व्या मंडळातल्या 90व्या सूक्ताच्या, ऋचा 16 आहेत; एकेका ऋचेला एकेक उपचार जोडला गेला. यादी मात्र सगळीकडे सारखी नाही. कुठे अलंकार मोजतात, कुठे दक्षिणा, कुठे प्रदक्षिणा. रानात जायची घाई असलेल्या घरात तर गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य हे पंचोपचारच होतात, आणि शास्त्रालाही ते मान्य आहेत.

यादी वाढत गेली याची सगळ्यात चांगली साक्ष आपल्याच मुलखात आहे. गृह्यसूत्रांतल्या त्या पाहुण्याला विडा नव्हता. नागवेल आग्नेय आशियाकडून आली असं मानतात. 6व्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तांबुलाचे गुण गायिलेले सापडतात. जेवणानंतर पाहुण्यापुढे पानाचं तबक येऊ लागलं, तसा नैवेद्यानंतर देवापुढेही विडा आला. घरच्या पूजेत तो दोन पानं, वर सुपारी, एक नाणं एवढाच असतो.

माहूरला तोच विडा मोठा होतो. नवरात्रात इस्लापूरसह पैनगंगेच्या या पट्ट्यातली माणसं रेणुकेच्या गडावर जातात. तिथे देवीचा शेंदरी तांदळा आहे, फक्त मुख; आणि त्या मुखात तांबूल. पानं, सुपारी, कात खलबत्त्यात कुटून लगदा करतात. देवीच्या मुखाला लागलेला तो लालसर घास प्रसाद म्हणून भक्ताच्या तळहातावर येतो. इतर देवस्थानांत पेढा किंवा खडीसाखर मिळते. इथे यजमानीण स्वतः चाखून पाहुण्याला विडा देते. डोंगर चढून आलेला भक्त इथे पाहुणा ठरतो. घरी येताना तो तांबूल पुडीत बांधून आणतात आणि ज्यांना गडावर जाणं जमलं नाही त्यांना चिमूट चिमूट वाटतात.