पदरावरील आगगाडी

मुर्शिदाबादचे नाव निघाले, की मराठी वाचकाला भास्करपंतांची १७४२ सालची बंगालवरील स्वारी आठवते. त्याच शहराजवळच्या, भागीरथीकाठच्या बालूचर गावाचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. नोकरीच्या निमित्ताने बंगालमध्ये राहणे घडले नसते, तर आम्हांलाही ते ठाऊक झाले नसते. या गावाने, म्हणजे आजच्या जियागंजने, अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत बालूचरी साडी विणली आणि तिच्या पदरावर आपल्या काळाची बखर लिहून ठेवली.

पैठणीला सरावलेल्या डोळ्यांना ही साडी प्रथम साधी वाटते. तीत जर नाही. सारी किमया रेशमाची. पदराच्या मध्यभागी मोठ्या कोयऱ्या आणि त्यांच्याभोवती लहान लहान चौकटी. त्या चौकटींत हाती फूल घेतलेला नबाब दिसतो, हुक्का ओढणारी बेगम दिसते, घोडेस्वार दिसतो, खुर्चीत बसलेला टोपीवाला साहेब दिसतो. आणि पुढे पुढे आगबोट व आगगाडीही दिसू लागते.

१८६३ साली नलहाटीपासून अझीमगंजपर्यंत लोहमार्ग झाला. अझीमगंज हा बालूचरच्या समोरचा तीर. विणकराचा माग आणि आगगाडी यांच्यामध्ये आता केवळ एक नदी उरली. साऱ्या देशाला विस्मयात टाकणारे हे धूड विणकराने धाग्याधाग्याने उचलून वीतभर जागेत बसविले. डब्यांच्या खिडक्यांतून उतारू दिसतात. पण इंजिन काही हुक्क्याहून किंवा गुलाबाहून थोर दिसत नाही. श्रीमंत घराण्यांना नव्या वस्तूंचा सोस होता. हुक्का, खुर्ची आणि आगगाडी या साऱ्यांना विणकराने एकाच रांगेत, एकाच मापाच्या चौकटीत बसविले. या समभावात आम्हांला त्याचे मार्मिक भाष्य दिसते: तुमच्या लेखी जे युगांतर, ते आमच्या लेखी आणखी एक नक्षी!

काळाने मात्र हा हिशेब उलटा चुकता केला. दरबारी आश्रय आटला आणि गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आले. आपल्या साडीत स्वतःचे नाव विणणारा दुबराज दास विसाव्या शतकाच्या आरंभी गेला आणि त्याच्याबरोबर बालूचरची ही कलाही जवळजवळ संपली.

पुढे १९५० नंतरच्या दशकात शुभो ठाकूर यांच्या प्रेरणेने अक्षयकुमार दास यांनी बांकुडा जिल्ह्यातील विष्णुपूर येथे ही साडी पुन्हा विणली. जुनी नक्षी दोऱ्यांच्या गुंतवळीत बांधलेली असे. नवी नक्षी जॅकार्ड मागाच्या भोकांच्या पुठ्ठ्यांवर उतरली. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास सिद्ध झालेल्या याच पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली होती. ज्या संगणकापुढे आमचा कचेरीतील दिवस सरतो, त्याचा एक पूर्वज असा मागावर सापडतो.

विष्णुपूरच्या पदरावर आज मुख्यत्वे तेथील मातीच्या मंदिरांवरची शिल्पे आणि रामायण-महाभारतातील प्रसंग असतात. आमच्या घरच्या साडीवरही अर्जुनाचा रथ आहे. तो सुंदर आहे, आणि त्याच्यामागे विणकराचे कष्ट आहेत, याविषयी शंका नाही. तरीही तो पाहताना वाटते, की यंत्र चित्रातून उतरले आणि मागावर जाऊन बसले. बालूचरच्या विणकराने ते नदीपलीकडे पाहिले, म्हणून त्याला ते रेखाटता आले. आम्ही त्याच्या पोटातच बसलो आहोत. आम्हांला ते दिसत नाही. कानाशी मोबाईल धरलेला एखादा बाबू कोणी विणकराने पदराच्या चौकटीत, कोयरीच्या शेजारी बसवावा, अशी आमची फार इच्छा आहे. त्याच्या मापावरून आमचे खरे माप आम्हांला कळेल.