सायकलीची राखण कोणी करावयाची? : अॅमस्टरडॅममधील एका प्रश्नाचा इतिहास

वाहनांच्या इतिहासात सायकलीच्या चोरीला सहसा एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. चोरी हा फौजदारी कायद्याचा आणि कुलूप हा कारागिराचा विषय, अशी वाटणी अभ्यासकांनी मनाशी करून ठेवलेली दिसते. तथापि सायकलीच्या राखणीचा भार धन्यावर किती व शासनावर किती, हा प्रश्न सामाजिक इतिहासाचाच होय. नेदरलँड्समधील, विशेषतः अॅमस्टरडॅममधील, १९२४ ते १९६६ या काळातील काही घटना या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत.

१९२४ साली डच सरकारने सायकलीवर कर बसविला. प्रारंभी वर्षाला तीन गिल्डर भरल्यावर धातूचा एक बिल्ला मिळे, व तो दिसेल असा लावावा लागे. आपल्याकडील नगरपालिकांचे सायकलींचे बिल्ले ज्यांना आठवतात, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. पुढे बेकारांना हा बिल्ला विनामूल्य दिला जाऊ लागला. मात्र त्यास भोक पाडलेले असे, आणि त्यामुळे स्वाराचे दारिद्र्य रस्त्यावरच्या कोणासही ओळखता येई. बिल्ला साक्ष देई ती कर भरल्याची. सायकल कोणाची, याची नव्हे. परिणामी सायकल जागेवर ठेवून नुसता बिल्लाच लांबविण्याचा प्रकार सुरू झाला. महसुलाच्या या चिन्हाने धन्याला संरक्षण तर दिले नाहीच, उलट त्याने राखावयाच्या वस्तूंत एकीची भर घातली.

जर्मन अंमलाखाली १९४१ मध्ये हा कर रद्द झाला. हे औदार्य फार काळ टिकले नाही. २४ जून १९४२ च्या नोंदीत अॅन फ्रँक या ज्यू मुलीने आपल्या दैनंदिनीत दोन गोष्टी एका दमात लिहिल्या आहेत : तिची स्वतःची सायकल ईस्टरच्या सुटीत चोरीस गेली, आणि आईची सायकल वडिलांनी ओळखीच्या ख्रिस्ती मंडळींकडे सांभाळावयास दिली. यांपैकी पहिली घटना शहरात नेहमी घडणारी चोरी होय. दुसरीच्या मागे ज्यूंनी आपल्या सायकली सरकारजमा कराव्यात हा हुकूम होता. चोरासाठी कुलूप पुरेसे ठरण्याचा संभव तरी असतो. शासनच न्यावयास आले म्हणजे दुसऱ्याचे घर शोधावे लागते. त्याच वर्षी जुलैमध्ये इतर नागरिकांच्या सायकलींवरही जप्ती आली, आणि १९४४ च्या शरद ऋतूत ती पुन्हा मोठ्या प्रमाणावर झाली. ट्रॅम व आगगाड्या बंद पडत चाललेल्या त्या काळात, खेड्यातून बटाटे आणावयाचे ते सायकलीवरूनच. म्हणूनच ही जप्ती लोकांच्या मनात इतर अनेक मोठ्या अन्यायांच्या बरोबरीने रुतून बसली असावी.

युद्धोत्तर अॅमस्टरडॅममध्ये प्रश्नाचे रूप पालटले. १९६५ च्या उन्हाळ्यात प्रोव्हो या तरुणांच्या गटाने ल्यूड शिमेलपेनिंक यांची ‘पांढऱ्या सायकलीं’ची योजना पुढे मांडली. पांढरा रंग दिलेल्या, कुलूप नसलेल्या सायकली रस्त्यावर ठेवावयाच्या. ज्याला हवी त्याने न्यावी व काम झाल्यावर तेथेच सोडावी. जी कोणाचीच नाही तिची चोरी कशी होणार, हे तिचे तर्कशास्त्र होते. पोलिसांनी या सायकली उचलून नेल्या; कारण सार्वजनिक जागी विनाकुलूप सायकल सोडणे हा नियमभंग होता. येथे अभ्यासकाने क्षणभर थांबावयास हवे. नियम चोरीला आळा घालण्यासाठी केलेला, आणि त्याच्या कक्षेत आला तो मात्र चोर नव्हे, देणारा! राखणीचे कर्तव्य कायद्याने धन्यावर किती पूर्णपणे टाकले होते, हे यावरून दिसते. ते सोडून देण्याची मुभाही त्याला नव्हती. प्रोव्होंनी मग आकड्यांची कुलपे बसविली, आणि कुलूप उघडण्याचा आकडा सायकलीवरच रंगविला. नियमाचे अक्षर पाळले गेले, अर्थ मात्र उरला नाही. या गमतीमुळे योजनेचे गांभीर्य दुर्लक्षिले जाते, हे बरे नव्हे. शिमेलपेनिंक पुढे नगरपरिषदेचे सभासद झाले व सायकली पालिकेनेच पुरवाव्यात असा प्रस्ताव त्यांनी आणला. तो फेटाळला गेला.

दरम्यान १० मार्च १९६६ रोजी राजकन्या बेआट्रिक्स यांचा विवाह जर्मन सैन्यात राहिलेल्या क्लाउस फॉन आम्सबर्ग यांच्याशी अॅमस्टरडॅममध्ये झाला. मिरवणुकीच्या मार्गावर प्रोव्होंनी धुराचे बाँब फोडले, आणि गर्दीतून आरोळी उठली ती सायकल परत देण्याची. सायकल कोणाचीच नसावी असे सांगणारे तरुण त्या गर्दीत होते. जप्त झालेली सायकल बहुधा त्यांच्या वडिलांची असेल.