पोहण्याचा पोशाख आणि नियमांची मोजपट्टी

१/ सिडनी, १९१२. स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांच्या जलतरण स्पर्धा प्रथमच होणार होत्या. फॅनी ड्युरॅक आणि मिना वायली या सिडनीच्या दोघी पदकाच्या प्रबळ दावेदार होत्या. परंतु न्यू साउथ वेल्सच्या महिला जलतरण संघटनेचा एक नियम आडवा आला: जेथे पुरुष प्रेक्षक असतील, तेथे स्त्रियांनी स्पर्धेत उतरू नये.

२/ या नियमाच्या ठाम पुरस्कर्त्या होत्या संघटनेच्या अध्यक्ष रोझ स्कॉट. त्या जुन्या वळणाच्या नव्हत्या. स्त्री-मताधिकाराच्या चळवळीत त्यांचे नाव अग्रभागी होते. पोहण्याच्या पोशाखातील स्त्रीकडे पुरुषांनी पाहत राहावे, हे स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधक आहे, अशी त्यांची धारणा होती. अखेर लोकमतापुढे नियम बदलला आणि स्कॉट यांनी राजीनामा दिला. १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ड्युरॅक यांनी सुवर्ण आणि वायली यांनी रौप्य पदक पटकावले.

३/ तरीही मोजपट्टी कायम राहिली. १९३५ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सरकारने पोहण्याच्या पोशाखाचे पाय किमान ३ इंच लांब असावेत, असा नियम केला. ५ जुलै १९४६ रोजी पॅरिसच्या मॉलितोर जलतरण तलावावर लुई रेआर यांनी बिकिनी जगापुढे आणली. १९६१ मध्येही सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावरील निरीक्षक बिकिनीतील स्त्रियांना किनाऱ्याबाहेर काढत होते. गुन्हा एकच होता: कपडा अपुरा.

४/ याच शहरात २००४ च्या सुमारास अहेदा झानेट्टी या लेबनीज वंशाच्या रचनाकार स्त्रीने ‘बुर्किनी’ तयार केली. हिजाब घालून नेटबॉल खेळणाऱ्या भाचीची अडचण पाहून त्यांना खेळाच्या पोशाखाची कल्पना सुचली होती. नावात बुरखा असला, तरी बुर्किनीत चेहरा, हात आणि पावले उघडी राहतात. २००७ मध्ये सिडनीत एका मुस्लिम तरुणीने लाल-पिवळी बुर्किनी घालून समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षकाचे काम सुरू केले.

५/ जर्मनीत हाच पोशाख न्यायालयात पोहोचला. फ्रँकफर्टच्या एका मुस्लिम विद्यार्थिनीने मुलामुलींच्या एकत्र पोहण्याच्या तासातून सूट मागितली होती. २०१३ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती नाकारली. बुर्किनी घालून तिला तासाला बसता येईल, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मुलीला पाण्यात आणण्याचा मार्ग म्हणून कायद्याने बुर्किनीकडे पाहिले.

६/ फ्रान्सचा मार्ग निराळा ठरला. १४ जुलै २०१६ रोजी नीस येथे झालेल्या हल्ल्यात ८६ जणांचा बळी गेला. त्यानंतरच्या भयग्रस्त उन्हाळ्यात कानपासून सुरुवात होऊन सुमारे ३० नगरपालिकांनी किनाऱ्यांवर बुर्किनीबंदी लादली. २६ ऑगस्टला फ्रान्सच्या राज्य परिषदेने, म्हणजे तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, विलनव्ह-लूबे या गावाची बंदी स्थगित केली. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका सिद्ध झालेला नसताना मूलभूत स्वातंत्र्यांवर गदा आणता येणार नाही, हे त्यामागचे कारण होते.

७/ जलतरण तलावाचा न्याय मात्र वेगळा लागला. तलाव ही नगरपालिकेची सेवा. तेथे स्वच्छतेसाठी अंगासरशी पोशाख सक्तीचा असतो आणि पुरुषांच्या सैल चड्ड्यांनाही मज्जाव असतो. मे २०२२ मध्ये ग्रनोबल नगरपालिकेने बुर्किनीला वाट करून दिली. २१ जूनला राज्य परिषदेने ती सवलत रोखून धरली: एका धार्मिक मागणीखातर केलेला अपवाद सर्वांना समान वागणूक देण्याच्या तत्त्वाला बाध आणतो. त्याच ठरावाने स्त्रियांना अनावृत छातीने पोहण्याचीही मुभा दिली होती. स्थगितीचा आदेश तिला लागू नव्हता.

८/ फ्रान्समधील अनेक स्त्रीवादी विचारवंतांना बुर्किनीमागे कुटुंबाचा आणि समाजाचा दबाव दिसतो. ही शंका निराधार नाही. इतर स्त्रीवाद्यांच्या मते स्त्रीने काय घालावे, हे नगरपालिकेने ठरवणे हाही दबावच आहे. स्कॉट आणि ड्युरॅक यांच्यामधला वाद येथे नव्या रूपात परततो. दोन्ही काळांत दोन्ही पक्ष स्त्रीहिताचीच भाषा बोलतात.

९/ ड्युरॅक यांचे पदक आज नोंदीत सापडते, कारण नियम वेळेवर बदलला. ज्या स्त्रिया पोशाखाच्या नियमामुळे तलावाच्या दारातूनच परत फिरल्या आणि पोहायला कधी शिकल्याच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. कपडा अपुरा ठरवणाऱ्या आणि कपडा अति ठरवणाऱ्या, अशा दोन्ही नियमांचा हिशेब मांडताना इतिहासाला ही गैरहजेरीही मोजावी लागते.