विनंती करणारे शासन

राजसत्तेचे जू झुगारून देणाऱ्या अमेरिकेतील तेरा राज्यांना नव्या सत्तेचेही भय वाटत होते. म्हणून १७८१ साली अमलात आलेल्या त्यांच्या संघलेखाने काँग्रेसला युद्ध व तह करण्याचा अधिकार दिला; कर बसविण्याचा मात्र दिला नाही. तिने राज्यांकडे द्रव्य मागावे आणि राज्यांनी इच्छेस येईल तेवढे द्यावे! परिणामी सैनिकांचे वेतन थकले, युद्धाचे कर्ज फिटेना. आयात मालावर शेकडा ५ जकात बसविण्याची योजना १७८२ मध्ये चिमुकल्या ऱ्होड आयलंडने नाकारली आणि ती अडली. कारण संघलेखातील दुरुस्तीस तेराही राज्यांची संमती लागे. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडली, तेव्हा काँग्रेस जवळजवळ हतबल होती.

१७८७ साली फिलाडेल्फिया येथे जमलेल्या प्रतिनिधींनी म्हणूनच जुन्या लेखाची डागडुजी सोडून नवी घटना रचली. कर व कायदा यांबाबत केंद्राचा संबंध आता थेट नागरिकांशी जोडला गेला. घटनेच्या स्वीकृतीस नऊ राज्ये पुरेशी ठरली. सत्तेचे भय मात्र ओसरले नाही. त्यातूनच १७९१ मध्ये नागरिकांच्या हक्कांची कलमे घटनेत आली. गुलामांना मात्र त्या हक्कांत वाटा नव्हता. ऐक्यासाठी त्यांचे दास्य तसेच राखले गेले. दुर्बळ शासनाचा दोष दूर झाला, अन्यायाचा राहिला.